फावड्याचं पातं

आमच्याकडं बर्फ म्हणजे
रसवंतीवर फडक्यात गुंडाळून कुटलेला,
नाहीतर मासळी बाजारात सुरमईखाली पसरलेला.
त्यात माणूस गाडला जातो
हे निशिगंधानं सांगितलं तेव्हा
हातातला भाकरीचा तुकडा मी परत ताटात ठेवला.

गुलमर्गला स्की शिकून आली होती.
आता म्हणे, जिथं कुणी वाट आखलेली नाही
त्या उतारावर जायचं.
तिनं ताटाशेजारी तीन वस्तू मांडल्या.
साबणाच्या वडीएवढं, छातीला बांधायचं बीकन.
घडी उलगडली की छताला टेकणारी सळई.
आणि खेळण्यातलं वाटावं असं फावडं.
तिनं आकडा सांगितला.
तिची आई म्हणाली,
"एवढ्यात दुभती म्हैस येती की गं."

"आणि हे तुला वाचवणार?"
"मला नाही, पप्पा. माझं फावडं इश्फाकसाठी.
त्याचं माझ्यासाठी.
मी गाडली गेले तर माझं माझ्याबरोबरच खाली."

तीस वर्षं शिरोलीत फौंड्रीत काढली मी.
बूट घेतले ते माझ्या पायासाठी,
चष्मा माझ्या डोळ्यांसाठी.
दुसऱ्याच्या जिवासाठी स्वतःच्या पाठीवर वागवायचं हत्यार
पहिल्यांदाच बघत होतो.

रविवारी वडणग्याला गेलो, दत्तूमामाच्या गुऱ्हाळावर.
मागं चिपाडाचा ढीग, घराएवढा.
तिनं पाठ फिरवली,
मी दुसरं बीकन पिशवीत घालून खोल पुरलं
आणि घड्याळ धरून उभा राहिलो.
काहिलीवरची माणसं चुलवाण सोडून बघायला आली.
"काय हरवलंय?"
"माणूस," ती म्हणाली, आणि पळाली.

चाळीस. बावीस. आकडा वाढला, ती मागं फिरली.
नऊ. तीन. गुडघ्यावर.
मग सळई खाली, परत वर, वीतभर सरकून परत खाली.
हे मात्र मला ओळखीचं.
साच्याच्या वाळूत आम्ही अशीच तार खुपसतो,
आतल्या वायूला वाट मिळावी म्हणून.

सोळा मिनिटं.
"मेला," ती म्हणाली. "परत पुरा."
लाडलमधला रस कुणासाठी थांबत नाही
हे मी तिला कधी शिकवलं नव्हतं.
अंधार पडेस्तोवर नवावर आली.
दत्तूमामानं पोरीला कोमट काकवी दिली.
केसांत चिपाड, आणि तोंडभर हसू.

फेब्रुवारीच्या शेवटी परत आली.
बॅग ओसरीवर टाकून थेट झोपली, दुपारपर्यंत.
मी फावडं बाहेर काढलं.
पातं एका कोपऱ्यात दुमडलेलं.
धातू माझ्याशी खोटं बोलत नाही.
भुसभुशीत कशात खणून असं होत नाही,
असं व्हायला जीव खाऊन घाव घालावे लागतात.

"बर्फ तर मऊ असतो ना?"
"घसरायच्या आधी. थांबला की सिमेंट."
मला कळलं. आमची वाळूही तशीच,
मुठीत धरली तर गळते,
ठासली की तिच्यात लोखंडाचा आकार उभा राहतो.

"किती मिनिटं?"
"अकरा."
मग तिनं फोन लावून माझ्या हातात दिला.
पलीकडं कुणीतरी आधी खोकलं,
मग म्हणालं, "सलाम, अंकल."
मला हिंदीत काय बोलावं सुचेना.
जेवलास का, एवढंच विचारलं.

पातं ठोकून सरळ करता आलं असतं.
ऐरण होती, हात होता.
पण एकदा दुमडलेलं अ‍ॅल्युमिनियम
सरळ दिसतं, सरळ नसतं.
पुढच्या वेळी तिथंच दगा देणार.

बीकनमधले सेल काढून कपाटात ठेवले, उन्हाळाभरासाठी.
"नवीन फावडं घ्यावं लागंल," मी म्हणालो.
ती भांडी विसळत होती. वळली नाही.
"दोन घ्या," म्हणाली.
"त्या पोराचंबी जुनं असंल."